नाक कुणाचं, धूर कुणाचा

रात्री अडीच वाजता खोकल्याच्या उबळीने उठून बसलेला माणूस संध्याकाळी सहाच्या रस्त्याला दोष देत नाही. तो पंख्याकडे बघतो, उशी झटकतो, रात्री काय खाल्लं ते आठवतो, उद्यापासून थंड पाणी बंद असं मनाशी ठरवतो. चाचपडत पंप शोधतो, दोन फवारे घेतो आणि छातीतली घरघर बसेपर्यंत भिंतीला टेकून राहतो. संध्याकाळी सिग्नलला एका बसच्या मागे आपण चार मिनिटं उभे होतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. असायचं कारणही नाही. डोळे जरासे चुरचुरले होते, दोन शिंका आल्या होत्या, विषय संपला होता.

त्रयस्थासारखं लिहितोय खरा, पण तो माणूस मीच. घरातल्या धुळीत माइट नावाचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, त्यांची मला लहानपणापासून ॲलर्जी आहे. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी एक छापील कागद हातात दिला होता. चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. गालिचे काढून टाका. गादी-उशांना घट्ट विणीची कव्हरं घाला. झोपायच्या खोलीत पुस्तकांची कपाटं नकोत. मी सगळं केलं. पुस्तकंसुद्धा हलवली, त्याचं दुःख वेगळं. फरक पडला, नाही असं नाही. पण त्या कागदावर फक्त घर होतं. घराच्या खिडकीखालून जाणारा रस्ता त्यात कुठेच नव्हता.

तो नसणं ही नुसती छपाईतली चूक नाही. ॲलर्जी हा माणसाचा खासगी मामला, त्याच्या रक्तातला, त्याच्या घरातला. आणि वाहनांचा धूर हा सार्वजनिक मामला, सरकारचा आणि वाहतूक खात्याचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. दोन्हींचे तज्ज्ञ वेगळे, दोन्हींची मोजमापं वेगळी. श्वासनलिकेला मात्र ही वाटणी माहीत नाही. तिच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच श्वासातून येतात आणि ती त्यांची बेरीज करत नाही, गुणाकार करते.

गुणाकार हा शब्द मी जपून वापरतो आहे. लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड डियाझ-सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नाकांवर काही प्रयोग केले. रॅगवीड नावाच्या तणाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात एकदा नुसता त्या परागाचा अर्क सोडला, आणि एकदा डिझेलच्या धुरातले कण आणि अर्क असं दोन्ही. ॲलर्जीचं ज्याच्यावाचून पान हलत नाही ते आयजीई नावाचं प्रतिपिंड (अँटिबॉडी), म्हणजे त्यातलं त्या परागाविरुद्धचं, दुसऱ्या वेळी सोळा पटींनी जास्त सापडलं. पराग तोच, नाकही तेच.

माझ्या जातभाईंवर, म्हणजे माइटवाल्यांवर, त्यांनी केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. लक्षणं सुरू व्हायला माइटचा अर्क किती लागतो ते आधी पाहिलं, मग नाकात डिझेलचे कण फवारून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या खेपेला आधीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात काम झालं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या चादरी आठवल्या. समजा, कढत पाण्याने आणि कव्हरांनी मी बिछान्यातले माइट निम्म्यावर आणले. पण वाटेत नाकात भरलेल्या धुराने माझी सहनशक्ती पाचव्या हिश्श्यावर आणली असेल, तर हिशेब तोट्यातच. प्रयोगशाळेतला आकडा माझ्या बिछान्याला जसाच्या तसा लागू होत नाही हे मला कळतं. पण तोटा कुठल्या बाजूला होतोय, ते कळायला तो पुरेसा आहे.

तिसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. समुद्रातल्या एका गोगलगायीच्या रक्तातलं एक प्रथिन त्यांनी निवडलं. माणसाच्या शरीराची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसते, त्यामुळे त्याची ॲलर्जी कुणाला असण्याचा प्रश्न नव्हता. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या दहा जणांच्या नाकात ते नुसतं सोडलं. एकाच्याही शरीरात त्याविरुद्ध आयजीई तयार झालं नाही. पंधरा जणांना आधी डिझेलचे कण दिले आणि मग तेच प्रथिन. पंधरापैकी नऊ जणांत आयजीई तयार झालं. म्हणजे धूर असलेली ॲलर्जी भडकवतो एवढंच नाही, नसलेली ॲलर्जी शरीराला शिकवूही शकतो.

हे घडतं कसं? डिझेलच्या काजळीचा कण म्हणजे कार्बनचा गाभा आणि त्यावर चिकटलेली अर्धवट जळालेली रसायनं आणि धातूंचे अंश. नाकापासून फुफ्फुसापर्यंतच्या वाटेला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या चिकटून असतात आणि वर चिकट स्रावाचा पातळ थर वाहत असतो. काजळीतली रसायनं या पेशींना आतून गंजवतात म्हटलं तरी चालेल, शिवण उसवते. उसवलेल्या जागेतून परागाचं किंवा माइटचं प्रथिन एरवी पोचलं नसतं इतकं आत पोचतं. त्याच वेळी दुखावलेल्या पेशी धोक्याची घंटा वाजवणारे रेणू सोडतात आणि प्रतिकारयंत्रणेला सांगतात की हल्ला झाला आहे. यंत्रणा धावत येते. समोर दिसतं काय, तर गवताचा पराग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. एकदा त्या संन्याशाचं नाव चोरांच्या यादीत चढलं की पुढे धूर असो-नसो, तो दिसला की दंगा ठरलेला.

परागाकडूनही एक गंमत होते. गंमत म्हणायचं ते लांबून बघताना. गवताच्या परागाचा कण वीस ते चाळीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा), तसा धिप्पाड. तो बहुतेक नाकातच अडकतो, म्हणून त्याच्या वाट्याला शिंका येतात, धाप नाही. पण या परागातलं ॲलर्जी आणणारं प्रथिन डिझेलच्या काजळीला चिकटून बसतं, हे मेलबर्नमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. काजळीचा कण मायक्रॉनच्याही लहानशा हिश्श्याएवढा. म्हणजे ज्या गल्लीत ट्रक शिरत नव्हता तिथे त्यातला माल सायकलवरून पोचता झाला. शिवाय रहदारीतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि त्याच्यापासून उन्हात तयार होणारा ओझोन परागातल्या प्रथिनांची रासायनिक घडण बदलतात, आणि अशी बदललेली प्रथिनं प्रतिकारयंत्रणेला जास्त चिथावू शकतात असं प्रयोगांत दिसलं आहे. वर्दळीच्या रस्त्याकडेचं झाड आणि रानातलं झाड एकाच जातीचं असलं, तरी नाकासाठी ते एकच झाड राहत नाही.

नाकात कणांचा फवारा मारणं वेगळं आणि रस्त्यावरून चालणं वेगळं, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मिळालं. या रस्त्याच्या ज्या भागात फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत, तिथे सौम्य किंवा मध्यम दमा असलेल्या साठ प्रौढांना दोन तास चालवलं. दुसऱ्या एका दिवशी तीच माणसं जवळच्या हाइड पार्कमध्ये दोन तास चालली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालल्यावर पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकता येणारी हवा ६.१ टक्क्यांपर्यंत कमी झाली होती. दमा मध्यम होता त्यांच्यात परिणाम सौम्यवाल्यांपेक्षा जास्त. सहा टक्के म्हणजे काही रुग्णवाहिका बोलवायची वेळ नव्हे. पण फुंकायच्या चाचणीची नळी ज्याने तोंडात धरली आहे त्याला विचारा. समोरची ताई ‘अजून, अजून, अजून’ म्हणत असते, पोट पाठीला लागतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि तरी पडद्यावरची रेघ मागच्या खेपेपेक्षा खालीच राहते. ज्याच्याकडे मुळात शिल्लक कमी, त्याचे सहा टक्के आणि धडधाकट माणसाचे सहा टक्के सारखे नसतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते काम कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. क्रिस कार्लस्टेन आणि सहकाऱ्यांनी ॲलर्जी असलेल्या अठरा जणांना एका बंद खोलीत दोन तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला, आणि दुसऱ्या खेपेला गाळलेली स्वच्छ हवा. त्यानंतर दुर्बीण घालून फुफ्फुसाच्या एका छोट्या भागात ज्याला ज्याची ॲलर्जी त्याचा अर्क सोडला, दुसऱ्या भागात नुसतं मिठाचं पाणी. ४८ तासांनी पुन्हा दुर्बीण घालून आतला स्राव तपासला. धूर आणि अर्क दोन्ही मिळाले होते तिथे इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीच्या सुजेत गर्दी करणाऱ्या पांढऱ्या पेशी, नुसत्या अर्कापेक्षाही जास्त होत्या. दोन दिवस उलटल्यावर! ॲलर्जीची प्रतिक्रिया तशीही दोन हप्त्यांत येते: पहिला काही मिनिटांत, शिंका आणि खाजेचा, दुसरा काही तासांनी, सूज आणि कोंडल्या छातीचा. त्यात दमा मुळातच रात्री-पहाटे बळावणारा. मग सहाच्या धुराची पावती अडीचला फाटते आणि ती उशीच्या नावावर जाते. या आजारात धुराला दरवेळी मिळणारा संशयाचा फायदा हा असा, निव्वळ घड्याळाच्या कृपेने.

त्यांचा २०१९ मध्ये आलेला पुढचा अभ्यास तर धोरणं आखणाऱ्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवा. प्रश्न साधा होता: धुरातले कण गाळून टाकले तर त्रास थांबतो का? ॲलर्जी असलेल्या चौदा जणांना वेगवेगळ्या खेपांना स्वच्छ हवा, पूर्ण धूर आणि कण काढलेला धूर दिला. कुणाला कधी काय मिळतंय हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नाही. कण काढलेला धूर आणि अर्क अशी जोडी मिळाली तेव्हा श्वास सगळ्यात जास्त आखडला. ज्या यंत्रणेने कण काढले तिने नायट्रोजन डायऑक्साइड वाढवला होता. डोळ्यांना दिसणारी काजळी गेली आणि न दिसणारा वायू वाढला. यावरून गाळण्या कुचकामी आहेत असा अर्थ कुणी काढू नये. काजळीने हृदयापासून मेंदूपर्यंत काय काय होतं त्याचा पाढा वेगळाच लांब आहे. अर्थ एवढाच, की एका आकड्याच्या मागे धावून दुसरा सुटला तर ॲलर्जीच्या माणसाच्या दृष्टीने रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो.

आणि वायूच्या आकड्याचं काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवलेलं होतं. चाचणीत गाडी साळसूद, रस्त्यावर मोकाट. अमेरिकेतल्या काही मॉडेलांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत गेलेलं. त्यावर दंड, खटले, शेअरचे भाव, सगळ्याची चर्चा झाली. त्या वर्षांत कुणाकुणाला आपल्या औषधाचा डोस वाढवावा लागला असेल, ते कुठल्या आरोपपत्रात शोधायचं?

विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार उदाहरण जर्मनीतलं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन म्यूटियस यांनी पूर्वेकडची लाइपझिग आणि हाले ही शहरं आणि पश्चिमेचं म्युनिक इथल्या शाळकरी मुलांची तुलना केली. पूर्वेची हवा कोळशाच्या धुराने आणि गंधकाने कोंदलेली. सगळ्यांना वाटलं होतं तिथे दमा जास्त निघेल. निघाला उलट: पूर्वेत खोकला आणि श्वासनलिकादाह जास्त, पण दमा, ‘हे फीव्हर’ म्हणजे परागाने होणारी नाकाची ॲलर्जी, आणि एकूणच ॲलर्जी पश्चिमेच्या मुलांत जास्त. तेव्हापासून ‘प्रदूषणाने ॲलर्जी होत नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या हातात हे कोलीत आहे.

माझं वाचन असं: या अभ्यासाने ‘घाणेरडी हवा’ हा एकच शब्द पुरत नाही हे दाखवलं. धूर आणि धूर यांत फरक असतो. कोळशाच्या गंधकी धुराने छाती खराब होते, त्या मुलांची झालीच होती. ॲलर्जीचं कारस्थान वेगळं आहे आणि त्यात वाहनांच्या धुराचा वाटा वेगळा. पश्चिमेत ॲलर्जी जास्त का, याची सगळी उत्तरं रस्त्यावर सापडणार नाहीत. राहणीमान, भावंडांची संख्या, लहानपणीचे संसर्ग, बरंच काही त्यात आहे. धुराने जगातली सगळी ॲलर्जी जन्माला घातली असं मी म्हणतच नाही. ज्याला ती आहे त्याच्यासाठी रस्ता हा औषधाच्या चिठ्ठीइतकाच निर्णायक आहे, हे माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप उघडपणे कुणी लिहीत नाही, पण बैठकीत बोलून दाखवतात. नाजूक प्रकृतीच्या चार लोकांसाठी सगळ्या शहराची वाहतूक बदलायची का? तर चार लोक नाहीत. ॲलर्जीमुळे नाक गळणं-चोंदणं हा त्रास जगातल्या १० ते ३० टक्के प्रौढांना आहे असा अंदाज जागतिक ॲलर्जी संघटनेने दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता. बसमध्ये तुमच्या पुढची, मागची आणि शेजारची माणसं मोजा. त्यातलं एक आमच्यातलं असण्याची दाट शक्यता आहे. आणि समजा असती चारच माणसं. पुलाची भारक्षमता ठरवताना सरासरी वाहनाचं वजन कुणी धरत नाही.

हवेच्या मर्यादा मात्र सरासरीवर चालतात. वर्षाची सरासरी, शहराची सरासरी. ॲलर्जीचा माणूस सरासरी हवा घेत नाही. तो सिग्नलची, बोगद्याची, शाळा सुटताना फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्यांमधली हवा घेतो. त्यात मूल असेल तर त्याचं नाक मोठ्यांच्या कमरेशी, म्हणजे गाड्यांच्या सायलेन्सरला आपल्यापेक्षा जवळ. शिवाय आपण कण वजनावर मोजतो. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या त्रासाचं नातं सगळ्यात ठळकपणे जुळलं ते अतिसूक्ष्म कणांशी आणि कार्बनशी. हे अतिसूक्ष्म कण, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहून लहान, संख्येने प्रचंड आणि वजनाला जवळजवळ शून्य. तराजूला ते दिसतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून थेट १० वर आणली, पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, १० वरून ५ वर. पण अतिसूक्ष्म कणांसाठी अशी मर्यादा ठरवलेली नाही, ते मोजत राहा अशी शिफारस आहे.

४० ची ती जुनी मर्यादा किती सैल होती, याचा अंदाज २०१९ मधल्या एका अभ्यासावरून येतो. जगातल्या मुलांमध्ये दरवर्षी दम्याच्या सुमारे ४० लाख नव्या केसेस नायट्रोजन डायऑक्साइडशी जोडता येतात, असा हिशेब त्यात मांडला होता. म्हणजे एकूण नव्या केसेसच्या १३ टक्के. त्यातल्या ९२ टक्के अशा ठिकाणच्या होत्या, जिथली हवा त्या वेळच्या मर्यादेच्या आत होती. कागदावर ती हवा पास झाली होती. हवा खराब असेल तर निदान तक्रार तरी करता येते.

मग रुग्णाच्या हातात काय देतात? सल्ला. मास्क लावा. गर्दीच्या वेळी बाहेर पडू नका. खिडक्या लावून घ्या. रस्त्याकडेला व्यायाम करू नका. सल्ला चुकीचा नाही, मीही पाळतो. चांगला एन ९५ मास्क कण अडवतो, आणि त्यांना चिकटून येणारं परागाचं प्रथिनही. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र त्यातून सरळ आत येतो. पण माझी खरी हरकत मास्कला नाही. हे सल्ले ज्याच्याकडे निवड आहे त्याच्यासाठी लिहिलेले असतात. चौकात उभ्या वाहतूक पोलिसाला दमा असेल तर त्याने गर्दीची वेळ कशी टाळायची? गर्दी म्हणजेच त्याची ड्युटी. घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलाने खिडकी कुठली लावून घ्यायची? धूर एकाने सोडायचा आणि नाक दुसऱ्याने झाकायचं, यालाच आरोग्यशिक्षण म्हणायचं असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लंडनची एला ॲडू-किसी-डेब्रा नऊ वर्षांची होती. लुइशम भागात साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यापासून जेमतेम तीस मीटरवर तिचं घर. तिला दम्याचे जीवघेणे झटके येत, तीन वर्षांत सत्तावीस-अठ्ठावीस वेळा तिला रुग्णालयात न्यावं लागलं होतं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी ती गेली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची पुन्हा चौकशी करणारे कोरोनर फिलिप बार्लो यांनी नोंदवलं की तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा ठोस हातभार होता. आणखीही एक गोष्ट त्यांनी नोंदवली: प्रदूषणाने दमा चिघळू शकतो हे तिच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर तिने काही पावलं उचलली असती आणि त्यातून कदाचित हा मृत्यू टळला असता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात, हवेच्या दुष्परिणामांबद्दल डॉक्टर रुग्णांशी पुरेसं बोलत नाहीत, हाही मुद्दा होता.

माझ्या छापील कागदाची आठवण झाली म्हणून हे सांगितलं. पण एलाच्या गोष्टीतली दुसरी बाजू मला जास्त टोचते. तिच्या आईला माहिती मिळाली असती आणि तिने घर बदललं असतं, तर त्या घरात दुसरं कुणी राहायला आलं असतं. रस्त्यालगतचं घर रिकामं राहत नाही. माहिती ही एका कुटुंबाची सुटका करू शकते, त्या पत्त्याची नाही. म्हणून रुग्णाला जागरूक करणं हा पूर्ण इलाज आहे असं ऐकलं की माझा पारा चढतो.

गाड्या कमी केल्याने खरंच फरक पडतो का? इथे एक लोकप्रिय उदाहरण आहे, तेही मी बरीच वर्षं मोठ्या उत्साहाने सांगत असे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सतरा दिवस शहरातली वाहतूक कमी ठेवली होती. सकाळची रहदारी २२.५ टक्क्यांनी घटली, ओझोन उतरला आणि सरकारी विमा असलेल्या मुलांच्या दम्यासाठीच्या तातडीच्या भेटी ४१.६ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हेच पुन्हा तपासलं. त्या दिवसांत आसपासच्या प्रदेशातही ओझोन उतरला होता, जिथे ऑलिम्पिक नव्हतंच. आणि ऋतुमानाप्रमाणे होणारे चढउतार वजा केले तर भेटींमधली घट फारशी उरत नव्हती. मी ते उदाहरण देणं सोडलं.

दक्षिण कॅलिफोर्नियाचं मात्र टिकून आहे, कारण ते सतरा दिवसांचं नाही. तिथे मुलांच्या एकामागून एक आलेल्या तीन गटांची फुफ्फुसं १९९४ ते २०११ या काळात अकरा ते पंधरा या वयात मोजत गेले. तेवढ्या काळात वाहनांवरचे नियम कडक होत गेले आणि हवा सुधारली. पंधराव्या वर्षी श्वासाची ताकद अपेक्षेच्या ८० टक्क्यांच्याही खाली असलेली मुलं पहिल्या गटात ७.९ टक्के होती, दुसऱ्यात ६.३ आणि तिसऱ्यात ३.६. दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मुलांना फायदा झाला. त्यांच्या आयांनी चादरी जास्त वेळा धुतल्या म्हणून हे झालं नाही.

वीजगाड्या आल्या की सगळं मिटेल असं मानणाऱ्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. सायलेन्सरच नसलेली गाडी आमच्यासाठी वरदानच आहे. पण ब्रेक आणि टायर झिजून निघणारी धूळ तिच्यातूनही येते, वजन जास्त असेल तर टायर जास्त झिजतो. युरोपने आपल्या नव्या नियमांत ब्रेकच्या कणांनाही प्रथमच मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही. शेवटी रस्त्यावर गाड्या किती, हा प्रश्न गाडी कशावर चालते याने सुटत नाही. आणि तो प्रश्न गाडीवाल्या रुग्णालाही विचारायला हवा. मलाही. बसच्या मागे उभा होतो म्हणालो तेव्हा मी स्वतः कशावर होतो, ते सांगितलं नव्हतं. स्कूटरवर होतो, आणि तिचंही इंजिन चालू होतं.

धुराचे अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने कमी होतात; लॉस एंजेलिसच्या महामार्गालगत मोजलं तेव्हा तीनशे मीटरवर ते आसपासच्या हवेइतके झाले होते. तीनशे मीटर म्हणजे चार-पाच मिनिटांची चाल. शाळा, पाळणाघर, रुग्णालय यांच्या जागा ठरवताना हे अंतर पाहणं, इमारतीत हवा ओढणारे पंखे रस्त्याच्या बाजूला न लावणं, फाटकाशी उभ्या गाडीचं इंजिन बंद करायला लावणं, यांतल्या कशालाही नवं संशोधन लागत नाही. परागाचा अंदाज एका खात्याने आणि धुराचा दुसऱ्याने द्यायचा, हाही खेळ थांबायला हवा. आज पराग मध्यम, हवा मध्यम, असं दोन ठिकाणी वाचून मी निर्धास्त बाहेर पडतो. दोन मध्यमांचा गुणाकार माझ्या छातीत होतो.

गेल्या खेपेला मी नव्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तरुण बाई. नेहमीचे प्रश्न झाले: गादी, गालिचा, पाळीव प्राणी, भिंतीची ओल. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, “झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते?” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी हे विचारत होतं. मी म्हटलं, रस्त्याच्या. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.